घोडे कोठे पेंड खाते?

२०२३ सालच्या दिवाळीतील ही गोष्ट. भाऊबिजेसाठी मी गिरगावात ताईकडे गेलो होतो. एरवी जिन्यातच धावत येऊन माझ्या हातातील पिशवी ओढून घेणारा माझा भाचा त्या दिवशी खिडकीत गुडघ्यांना मिठी मारून बसला होता. फराळाची बशी त्याच्यापुढे तशीच होती. मी जवळ जाऊन म्हटले, "काय रे, चकली कडक झाली आहे, की मामावर राग आहे?"

तो हसला नाही. कोपऱ्यातील संगणकाकडे बोट दाखवून एवढेच म्हणाला, "मामा, तो आता संपला."

हळूहळू सारी हकिकत बाहेर पडली. भाच्याचा एक जिवलग मित्र वडिलांच्या बदलीमुळे वर्षभरापूर्वी नाशिकला गेला होता. तेव्हापासून दर रविवारी सकाळी दोघे आपापल्या घरी संगणकापुढे बसत आणि मोटारशर्यतीचा एक खेळ जोडीने खेळत. खेळता खेळता शाळेच्या व क्रिकेटच्या गप्पा होत. मैत्रीचा धागा त्या खेळाने टिकवून धरला होता. परंतु अलीकडे ऐन वळणावर भाच्याच्या पडद्यावरील चित्र अडखळे, क्षणभर गोठून जाई, आणि ते पुन्हा हलू लागेपर्यंत त्याची गाडी रस्ता सोडून खड्ड्यात गेलेली असे. जोडीचा डाव प्रत्येक वेळी त्याच्यामुळे जाई.

"तो मला एका शब्दानेही बोलला नाही, मामा," भाचा म्हणाला, "पण गेल्या रविवारी त्याने मला हाक मारली नाही."

दुखणे एवढ्यावरच थांबत नव्हते. आठवड्यापूर्वी भाऊजींनी एका दुकानदाराला घरी बोलावले होते. त्याने यंत्राच्या पेटीवर दोन टिचक्या मारल्या आणि ती न उघडताच निकाल दिला, "हे भंगारात द्या. नवा घ्या, साठ हजारांत चांगला येईल." भाऊजी काही बोलले नाहीत. मात्र त्या रात्री ताई व भाऊजी हप्त्यांचा हिशेब करीत असल्याचे भाच्याने अंथरुणात पडल्या पडल्या ऐकले.

"बाबांनी माझ्यासाठी कर्ज काढू नये, मामा. मला नवा संगणक नको. पण या जुन्याचे काही होईल का?" असे म्हणून त्याने फळीवरील पत्र्याचा डबा खाली काढला. त्यात दोन वर्षांची साठवण होती. आम्ही मोजली, पाच हजार चारशे रुपये भरले.

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "होईल की नाही, हे आज सांगत नाही. आधी घोडे कोठे पेंड खाते, ते पाहू. पैसे त्यानंतर."

मुलांनो, त्या यंत्रात आम्ही काय शोधीत होतो, हे समजण्यासाठी संगणकाच्या पोटातील कारभार थोडक्यात जाणून घेतला पाहिजे. एखाद्या लग्नघरची पंगत डोळ्यांपुढे आणा. प्रोसेसर हा तेथील मुख्य आचारी होय. काय करावयाचे, कोणत्या क्रमाने करावयाचे, हे तो ठरवितो. हार्ड डिस्क म्हणजे कोठीघर. सारा शिधा तेथे साठविलेला असतो. परंतु प्रत्येक चिमूट मिठासाठी कोठीघरात जावे लागले, तर स्वयंपाक कधीच पुरा व्हावयाचा नाही. म्हणून लागणारे जिन्नस आधीच ओट्यावर काढून ठेवतात. संगणकातील हा ओटा म्हणजे रॅम. आणि शेकडो पानांवर एकाच वेळी वाढणारे वाढपी म्हणजे ग्राफिक्स कार्ड. एकेका वाढप्याचे काम साधे असते. पण ते अनेकांनी एकदम करावयाचे असते. राहिले चुलीतील जळण. ते पुरविण्याचे काम पॉवर सप्लाय करतो.

वाढप्यांवर भार केवढा पडतो, त्याचा हिशेब पाहा. नेहमीच्या पडद्यावर आडव्या ओळीत १,९२० ठिपके असतात, आणि अशा १,०८० ओळी असतात. म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके झाले. खेळ हलता दिसावा म्हणून एकामागून एक स्थिर चित्रे दाखवावी लागतात. चित्रपटात ती सेकंदाला २४ असतात. परंतु संगणकावरील वेगवान खेळात सेकंदाला ६० चित्रे मिळाली, तर खेळणाऱ्याच्या हाताला आणि डोळ्याला सुख वाटते. अशा वेळी दर सेकंदाला १२ कोटी ४४ लक्ष १६ हजार ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. एकट्या आचाऱ्याने हे काम करावयाचे म्हटले, तर बाकीचा स्वयंपाक राहूनच जाईल. म्हणूनच १९९० नंतरच्या दशकात या कामासाठी वेगळी कार्डे घरोघरीच्या संगणकांत बसू लागली. १९९९ साली एनव्हिडिया कंपनीने आपले 'जीफोर्स २५६' हे कार्ड बाजारात आणले, तेव्हापासून अशा चित्रकार प्रोसेसरला 'जीपीयू' म्हणण्याचा प्रघात पडला.

भाच्याच्या यंत्रात असे वेगळे कार्ड नव्हते. एका कचेरीने काढून टाकलेला तो संगणक भाऊजींनी जुना म्हणून विकत घेतला होता. त्यात २०१३ सालचा 'इंटेल कोअर आय-५ ४५७०' हा प्रोसेसर, ४ गिगाबाइट रॅमची एकच पट्टी आणि ५०० गिगाबाइटची हार्ड डिस्क होती. चित्रे काढण्याचे काम प्रोसेसरच्याच पोटातील एक छोटा विभाग करी. कचेरीतील पत्रे लिहिण्यास तो पुरेसा होता. मोटारींच्या शर्यतीस मात्र तो पुरा पडेल की नाही, याची शंका होती.

पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. आम्ही एक वही घेतली. सेकंदाला किती चित्रे निघतात, तो आकडा खेळातच पडद्याच्या कोपऱ्यात दाखविण्याची सोय होती. भाचा खेळू लागला आणि मी लिहू लागलो. आरंभी आकडा १८ होता. दहा मिनिटांनंतर तो ११ वर आला. प्रोसेसरची उष्णता ९७ अंश सेल्सिअस झाली होती.

"मामा, आकडा कमी का झाला? खेळ तर तोच आहे!"

"उन्हात धावणारा माणूस काय करतो? अंग तापले की पाय आवरतो. हा प्रोसेसरही शंभर अंशांच्या जवळ पोहोचला, की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो."

मग आम्ही दुसरी परीक्षा घेतली. पडद्यावरील चित्राचा आकार १,२८० गुणिले ७२० ठिपके असा कमी केला. आता एका चित्रात ९,२१,६०० ठिपके उरले. म्हणजे पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी. यंत्र थंड होऊ दिले आणि पुन्हा खेळ लावला. आकडा १८ वरून ३३ वर चढला. या वेळी प्रोसेसरचे चारही भाग मिळून त्यांची निम्मीच शक्ती खर्च होत होती.

ही परीक्षा फार महत्त्वाची आहे. ठिपके कमी केल्याबरोबर वेग वाढला, याचा अर्थ आचाऱ्याला फुरसत होती आणि वाढपी कमी पडत होते. ठिपके कमी करूनही वेग तेवढाच राहिला असता, तर दोष बहुधा प्रोसेसरकडे गेला असता, आणि मग कितीही भारी ग्राफिक्स कार्ड आणले तरी पैसे पाण्यात गेले असते.

जीन ॲमडाल नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली हेच तत्त्व गणिताच्या भाषेत मांडले. त्याचा मथितार्थ सोपा आहे. समजा, तुम्हांला आवरण्यास १० मिनिटे आणि शाळेपर्यंत चालत जाण्यास ३० मिनिटे लागतात. आवरणे अगदी शून्य मिनिटांत झाले, तरी वाटेची ३० मिनिटे राहणारच. लवकर पोहोचावयाचे असेल, तर मोठ्या हिश्शावर उपाय केला पाहिजे. आमच्या पूर्वजांनी हेच एका म्हणीत सांगून ठेवले आहे. गाडी का थांबली, हे पाहावयाचे, तर घोडे कोठे पेंड खाते ते शोधावे.

वहीत आणखी एक नोंद झाली. चित्र गोठून जाई, त्या क्षणी रॅम काठोकाठ भरलेली असे आणि हार्ड डिस्कचा दिवा सारखा लुकलुकत असे. ओटा भरला, म्हणून काही जिन्नस कोठीघरात परत नेऊन ठेवावयाचे आणि लागले की पुन्हा आणावयाचे, असा हेलपाटा चालला होता. वळणावरची खरी खोडी हीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पेटी उघडण्याचे ठरविले; पण भाऊजी पुढे येऊन उभे राहिले. दिवसभर नोकरी करून रात्री ते तीन दुकानांचे हिशेब याच यंत्रावर लिहीत. ते हळूच म्हणाले, "हिशेब गेले, तर मी लोकांना काय तोंड दाखवू?"

त्यांचे म्हणणे अगदी योग्य होते. आम्ही प्रथम त्यांच्या सर्व हिशेबांची प्रत एका वेगळ्या डिस्कवर करून घेतली. एवढ्यावर न थांबता ती डिस्क माझ्या लॅपटॉपला जोडून दोन वह्या उघडून त्यांना दाखविल्या. प्रत केली असे समजणे आणि प्रत उघडून पाहणे, यांत मोठे अंतर आहे.

त्यानंतर विजेची वायर काढली. उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून बटण काही क्षण दाबून धरले. अंगावरील स्थिर विजेने नाजूक भाग बिघडू नयेत म्हणून पेटीच्या उघड्या धातूला हात लावला. पॉवर सप्लायची डबी मात्र आम्ही उघडली नाही. वायर काढल्यावरही तिच्यात धोकादायक वीज साठून राहू शकते. म्हणून त्या डबीच्या वाटेस कोणीही जाऊ नये. मुलांनी तर पेटीदेखील जाणत्या माणसाशिवाय उघडू नये.

झाकण निघाले आणि भाचा उद्गारला, "अगबाई! इथे तर घरटे आहे!" दहा वर्षांची धूळ पंख्यावर गोधडीसारखी बसली होती. पंख्याची पाती बोटाने स्थिर धरून आम्ही मऊ ब्रशाने आणि हवेच्या झोताने ती काढली. प्रोसेसर आणि त्यावरील धातूचा ठोकळा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते. ती वाळून खडूसारखी झाली होती. दीडशे रुपयांची नळी आणून, जुना थर पुसून, लहानशा वाटाण्याएवढी पेस्ट लावली. यंत्र जोडून पुन्हा तोच खेळ अर्धा तास चालविला. उष्णता ६८ अंशांच्या वर गेली नाही. आकडा १८ च राहिला, परंतु आता तो घसरत नव्हता. भाच्याने वहीत लिहिले, "खर्च १५० रुपये. दहा मिनिटांनंतरचा वेग ११ होता, आता १८."

ताई हे सारे दारातून पाहत होती. मी घातलेली दोन हजारांची ओवाळणी तिने मुकाट्याने आणून डब्यात टाकली.

दुपारी आम्ही लॅमिंग्टन रोडवर गेलो. मुंबईतील हा रस्ता विजेच्या व संगणकाच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे, डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे त्याचे अधिकृत नाव होय. प्रथम रॅम घेतली. रॅमच्याही पिढ्या असतात. जुन्या मदरबोर्डाला 'डीडीआर-३' जातीची पट्टी लागत होती. 'डीडीआर-४'ची खाच वेगळ्या जागी असल्याने ती तेथे बसतच नाही. भाच्याने जुन्या पट्टीवरील आकडे वहीत उतरवून आणले होते. त्याच वेगाची ४ गिगाबाइटची वापरलेली पट्टी सहाशे रुपयांना मिळाली.

येथे एक खुबी आहे. एकाच पट्टीवर माहितीचा जाण्यायेण्याचा रस्ता एकच असतो. सारख्या दोन पट्ट्या योग्य जोडीच्या खाचांत बसविल्या, की रस्ते दोन होतात. आमच्या पट्टीचा कमाल वेग सेकंदाला १२.८ गिगाबाइट होता. दोघींचा मिळून तो २५.६ झाला. ज्या यंत्रात चित्रे काढणारा विभाग स्वतःची स्मृती नसल्याने रॅमवरच अवलंबून असतो, तेथे याचा लाभ विशेष होतो.

नंतर भाचा एका दुकानापुढे थबकला. "मामा, एसएसडी घेतली, तर खेळाचा आकडा वाढेल?"

"नाही. जवळजवळ मुळीच नाही," मी खरे ते सांगितले. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कला एका फेरीस सुमारे ८ मिलिसेकंद लागतात, आणि हवी ती माहिती सुईखाली येईपर्यंत थांबावे लागते. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. माहिती विजेच्या गतीने हाती लागते. त्यामुळे यंत्र लवकर सुरू होते, धारिका पटकन उघडतात आणि खेळातील नवे मैदान लवकर उभे राहते. परंतु मैदान एकदा ओट्यावर आले, की चित्रांचा वेग तिच्यामुळे वाढत नाही.

भाचा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तरीही घेऊ. बाबा रोज रात्री दमून येतात आणि यंत्र सुरू होण्याची वाट पाहत बसतात." त्याने डब्यातून सोळाशे रुपये मोजून दिले. मी त्या क्षणी काही बोललो नाही. परंतु त्या दिवशी खरेदी केलेल्या वस्तूंत मला सर्वांत मोलाची तीच वाटते.

आता पाच हजार पन्नास रुपये उरले आणि ग्राफिक्स कार्ड घ्यावयाचे होते. एका विक्रेत्याने एक भले मोठे, दोन पंख्यांचे, वापरलेले कार्ड पुढे केले. "हे न्या. सगळे खेळ पळतील." किंमत डब्यात बसत होती. भाच्याचे डोळे चमकले. मी म्हटले, "वही काढ."

कार्डाच्या वर्णनात २५० वॉट असे लिहिले होते. आमच्या पॉवर सप्लायवर ३०० वॉट असा छाप होता. भाच्याने बेरीज मांडली. प्रोसेसरचे ८४, कार्डाचे २५० आणि बाकीच्या भागांचे अंदाजे ४०, एकूण ३७४. जळण ३०० आणि चूल ३७४ ची! असे कार्ड बसविले असते, तर यंत्र ऐन खेळात बंद पडले असते, कदाचित पॉवर सप्लायबरोबर इतर भागही गमवावे लागले असते. शिवाय ते कार्ड आमच्या पेटीच्या लांबीतही मावत नव्हते. भाच्याने घरूनच फूटपट्टीने माप आणले होते.

शेवटी आम्ही 'जीफोर्स जीटीएक्स १०५० टीआय' हे ४ गिगाबाइट स्मृतीचे वापरलेले कार्ड निवडले. ते ऑक्टोबर २०१६ मध्ये बाजारात आलेले असून त्याला ७५ वॉट पुरतात. कार्ड ज्या खाचेत बसते, ती खाचच तेवढी वीज पुरविते. म्हणून आम्ही घेतलेल्या कार्डाला वेगळी विजेची वायर लागत नव्हती. बेरीज झाली १९९. कार्डाची स्वतःची स्मृती सेकंदाला ११२ गिगाबाइट माहिती हलवू शकते. आमच्या दोन पट्ट्यांच्या चौपटीहूनही ते अधिक आहे. दुकानातच ते दहा मिनिटे चालवून पाहिले, पंख्याचा आवाज ऐकला, आणि पाच हजार रुपये दिले. उरलेल्या पन्नास रुपयांत आम्ही उसाचा रस प्यालो. डबा रिकामा झाला.

घरी येऊन रॅमची पट्टी दोन्ही टोके 'टक्' वाजेपर्यंत दाबून बसविली. एसएसडीवर संगणकाची प्रणाली नव्याने घातली. जुनी डिस्क साठ्यासाठी तशीच ठेवली. यंत्र सुरू होण्यास पूर्वी दोन मिनिटे दहा सेकंद लागत; आता वीस लागले. खेळाचा आकडा रॅममुळे २३ झाला आणि वळणावरचे गोठणे थांबले. मग यंत्र बंद करून कार्ड बसविले, स्क्रू आवळले, आणि भाच्याने बटण दाबले.

पडदा काळाच राहिला.

आणखी एक मिनिट गेले, तरी पडदा काळाच. भाऊजी खुर्चीवरून उठले. ताईच्या हातातील वाटी तशीच राहिली. भाच्याचा चेहरा पांढरा पडला. दोन वर्षांची साठवण, बाबांचे काम, नाशिकचा मित्र, सारे त्या काळ्या काचेआड गेल्यासारखे वाटले.

मला कारण समजले होते, पण मी मुद्दाम म्हटले, "हातपाय गाळू नकोस. घोडे कोठे पेंड खाते?"

त्याने आवंढा गिळला आणि पेटीत डोकावला. "पंखे फिरताहेत. म्हणजे वीज येते आहे." थोड्या वेळाने म्हणाला, "कार्डाचा पंखाही फिरतो आहे. म्हणजे कार्डालाही वीज आहे." मग तो पडद्याच्या वायरीवर हात ठेवून तिच्यामागोमाग पेटीच्या पाठीमागे गेला, आणि एकदम ओरडला, "मामा! वायर जुन्याच जागी आहे! चित्र आता कार्डातून निघणार, आणि आपण पाहतो आहोत मदरबोर्डाच्या दाराने!"

वायर काढून कार्डाच्या तोंडाशी लावताच पडदा उजळला. भाऊजींनी दीर्घ श्वास सोडला आणि मुलाच्या केसांतून हात फिरविला. खेळ लावला, पूर्ण आकाराच्या चित्रात, तापल्यावरदेखील, आकडा ६० च्या आसपास स्थिर राहिला. भाच्याने वहीची शेवटची ओळ लिहिली, "खर्च ७,३५० रुपये. १८ चे ६० झाले."

रविवारी त्याने मित्राच्या हाकेची वाट पाहिली नाही. आपणच त्याला हाक मारली. दुपारी मला निरोप आला, "मामा, तीन डाव खेळलो. दोन हरलो. पण तिन्ही वेळा गाडी मीच खड्ड्यात घातली, संगणकाने नाही!"

मुलांनो, त्या उपायाने तो संगणक अमर झाला, असे समजू नका. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीने थांबविला, आणि विंडोज ११ साठी चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत तो जुना प्रोसेसर नाही. तेव्हा भाच्याने पुन्हा वही काढली, हिशेबांची प्रत करून ती उघडून पाहिली, आणि यंत्रावर लिनक्स ही प्रणाली घातली. विंडोजसाठी लिहिलेले अनेक खेळ लिनक्सवर चालविण्याची सोय २०१८ पासून 'प्रोटॉन' या साधनाने झाली आहे. काही खेळ मात्र तेथे चालत नाहीत. सुदैवाने त्यांची मोटारशर्यत चालते. पुढे एक दिवस या यंत्राला खरोखरच निरोप द्यावा लागेल. परंतु तो दिवस वहीतील आकडे पाहून ठरेल, पेटीवर टिचकी मारून नव्हे.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे ६ कोटी २० लक्ष टन विद्युत् कचरा निर्माण झाला. त्यांपैकी केवळ २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन त्याचा पुनर्वापर झाल्याची नोंद आहे. या ढिगाऱ्यात किती यंत्रे नुसती धूळ साचल्यामुळे किंवा एक पट्टी कमी असल्यामुळे जाऊन पडली असतील, कोण जाणे! एखादी वस्तू निकामी ठरविण्यापूर्वी ती नेमकी कोठे अडते, हे मोजून पाहणाऱ्यास पैसा वाचविता येतो, वस्तू वाचविता येते, आणि कधी कधी रविवारची मैत्रीही वाचविता येते.

शब्दार्थ

शिधा – स्वयंपाकासाठी लागणारे कोरडे धान्य व इतर जिन्नस. वाढपी – पंगतीत अन्न वाढणारा. प्रघात – रूढ पद्धत. मथितार्थ – सार. धारिका – संगणकात साठविलेली माहितीची वही, फाइल. प्रणाली – संगणकाचे सर्व काम चालविणारी मूळ व्यवस्था. पेंड – गुरांना घालावयाचा, तेल काढून उरलेल्या बियांचा चोथा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भाचा भाऊबिजेच्या दिवशी उदास का होता?
(आ) दुकानदाराने यंत्राची परीक्षा कशी केली?
(इ) एसएसडीमुळे खेळाचा वेग वाढणार नाही हे कळूनही भाच्याने ती का घेतली?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) चित्राचा आकार कमी केल्यावर मामा व भाचा यांना कोणती गोष्ट निश्चितपणे समजली? ती कशी?
(आ) पेटी उघडण्यापूर्वी त्यांनी कोणकोणती काळजी घेतली, व का?
(इ) पडदा काळा राहिला तेव्हा भाच्याने कोणत्या क्रमाने विचार केला?

३. लग्नाच्या पंगतीतील पुढील गोष्टी संगणकाच्या कोणत्या भागांशी जुळतात, ते लिहा : आचारी, ओटा, कोठीघर, वाढपी, जळण.

४. गणित करा. एका पॉवर सप्लायवर ३५० वॉट असे लिहिले आहे. प्रोसेसरला ६५ वॉट, इतर भागांना ४० वॉट व ग्राफिक्स कार्डाला १२० वॉट लागतात. हे कार्ड बसविता येईल का? किती वॉट शिल्लक राहतील?

५. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा : घोडे पेंड खाणे, हातपाय गाळणे, पैसे पाण्यात जाणे, आवंढा गिळणे.

६. तुमच्या घरातील नीट न चालणारी एखादी साधी वस्तू निवडा. ती कोठे अडते, हे शोधण्यासाठी तुम्ही काय काय मोजाल किंवा पाहाल, ते दहा ओळींत लिहा. विजेच्या वस्तूस मोठ्यांच्या देखरेखीवाचून हात लावू नका.